आत्मवंचना म्हणजे काय? भिंतीला गेलेला तडा आपल्याला दिसत का नाही?

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. नोटिसा निघतात, काही इमारतींवर फलक लागतात, वीज-पाणी तोडण्याचा इशारा दिला जातो. तरीही यादीतल्या कित्येक इमारतींत भर जुलैमध्ये दिवे लागलेले असतात आणि गॅलरीत कपडे वाळत असतात. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, "यांना भीती कशी वाटत नाही?" आत राहणाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "बिल्डिंग जुनी आहे, पण मजबूत आहे. तेव्हाचं काम वेगळंच होतं."

असं म्हणणारा माणूस तुमच्याशी खोटं बोलत नसतो. त्याचा त्यावर खरोखर विश्वास असतो. पण त्याच घरात बेडरूमच्या छताचे पोपडे पडू लागल्यावर पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवलेला असतो. म्हणजे पलंग सरकवणाऱ्या हातांना काहीतरी माहीत आहे आणि तोंडाला ते माहीत नाही. मानसशास्त्रात या अवस्थेला आत्मवंचना म्हणतात.

व्याख्या सोपी, कोडं अवघड

वंचना म्हणजे फसवणूक. आत्मवंचना म्हणजे स्वतःच स्वतःची केलेली फसवणूक. ऐकायला सोपं वाटतं, पण तत्त्वज्ञांना या शब्दाने बराच काळ छळलं आहे. फसवणारा आणि फसणारा एकच असेल तर फसवणूक होईलच कशी? पत्ते खेळताना आपलेच पत्ते आपल्यापासून कसे लपवणार?

व्यवहारात याचं उत्तर असं की लपवावं लागतच नाही. फक्त पत्ते उलटून बघायचे नाहीत, एवढं पुरतं. छताला ओल आली तर इंजिनिअरला न बोलावता ओळखीच्या गवंड्याला बोलवायचं. तो म्हणतो, "काही नाही हो साहेब, वरच्यांचं बाथरूम गळतंय." आपल्याला हवं ते उत्तर मिळालं, की चौकशी तिथेच थांबते. त्याने वेगळं काही सांगितलं असतं तर आपण आणखी दोघांना विचारलं असतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी हा दुजाभाव नेमका पकडला. एखादी गोष्ट खरी असावी असं आपल्याला वाटत असेल, तर आपण मनाला विचारतो, "यावर विश्वास ठेवता येईल का?" ती खोटी असावी असं वाटत असेल, तर प्रश्न बदलतो: "यावर विश्वास ठेवावाच लागेल का?" पहिल्या प्रश्नाला एक पुरावा पुरतो. दुसऱ्यातून सुटायला एक शंका पुरते. दोन्ही वेळा माणूस विचार करतच असतो, आणि प्रामाणिकपणे करतोय असंच त्याला वाटतं.

आता घरातला तडा. काँक्रीटमधली सळई गंजली की तिचं आकारमान वाढतं आणि ती आतून काँक्रीट फोडते. बाहेर दिसणारा तडा त्या गंजाची शेवटची पायरी असते. त्यावर पुट्टी मारली की तडा जातो आणि गंज राहतो. फॉल्स सीलिंग लावलं तर पुढचा तडा दिसण्याची शक्यताही संपते. आत्मवंचनेसाठी इतकं चपखल नाव दुसरं सापडणार नाही, आणि तेही इंटिरियरवाल्यांनी दिलेलं!

पडलेल्या इमारती आणि त्याआधीची शांतता

ही चर्चा हवेतली नाही. २८ जुलै २०१५ च्या रात्री डोंबिवलीजवळ ठाकुर्लीच्या चोळेगावात एक जुनी तीन मजली इमारत कोसळली आणि ९ जण गेले. आठवडाभरात, ४ ऑगस्टच्या पहाटे, ठाण्यात नौपाड्याच्या बी केबिन भागातली 'कृष्णा निवास' ही इमारत पडली. तिथे १२ जणांचा मृत्यू झाला. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे ठाणे जिल्ह्यातच भिवंडीची 'जिलानी' इमारत पडली आणि जवळपास ४० माणसं गेली. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेत एका चार मजली इमारतीत फरशीचं काम चालू असताना वरचा स्लॅब थेट खालपर्यंत आला. त्यात ६ जण दगावले.

सर्वांत मोठी दुर्घटना मात्र जुन्या इमारतीची नव्हतीच. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ-डायघर इथे 'लकी कंपाउंड'मधली अनधिकृत इमारत कोसळली. वर मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आली होती. ७४ जण मृत्युमुखी पडले. तिथे राहणाऱ्यांत बरेच जण मजूर होते. त्यांना दुसरीकडे परवडणारी जागाच नव्हती, म्हणून त्यांच्या राहण्याला आत्मवंचना म्हणणं अन्यायाचं होईल. पर्याय नसलेला माणूस धोका पत्करतो, तेव्हा तो स्वतःला फसवत असतोच असं नाही. बऱ्याचदा त्याला सगळं नीट कळत असतं.

प्रत्येक दुर्घटनेनंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आम्हाला माहीत होतं, कधी ना कधी हे होणार." माहीत होतं तर आधी कुणी का बोललं नाही, असं आपण रागाने विचारतो. पण आधी ते 'माहीत होणं' परवडत नव्हतं, हेही तितकंच खरं असतं.

माहीत होण्याची किंमत

डोंबिवली पूर्वेतली १९८०च्या आसपासची एखादी तीन मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. मालक एक, भाडेकरू बारा. भाडं नाममात्र, पागडी कधीकाळी दिलेली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. आता बारापैकी एका भाडेकरूच्या मनात आलं, की ऑडिट करूया. अहवालात इमारत 'अतिधोकादायक' निघाली, तर पुढे काय?

घर रिकामं करावं लागेल. आज शहरात भाड्याने घर घ्यायचं तर डिपॉझिट आणि महिन्याला हजारो रुपये. मालक पुन्हा बांधेल का? बांधलंच तर आपल्याला आत घेईल का? शेजारच्या गल्लीतली इमारत पाडून कित्येक वर्षं झाली आणि भूखंडावर अजून गवतच आहे, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मुलाची दहावी आहे. सासूबाईंना जिने चढवत नाहीत.

एका कागदावर सही झाली, की हे सगळे प्रश्न एकदम जिवंत होतात. सही झाली नाही, तर सगळे झोपलेले राहतात. अशा वेळी "बिल्डिंग मजबूत आहे" हा विश्वास घराचं भाडं वाचवतो, मुलाचं वर्ष वाचवतो आणि रात्रीची झोपही देतो. इतक्या कामाच्या विश्वासाची तपासणी करायला मन सहजासहजी तयार होत नाही. बाहेरून दिसतो तो मूर्खपणा. आतून मात्र तो एक सौदा असतो, आणि त्याची किंमत पुढे कधीतरी चुकवायची असते.

हा सौदा एकटे रहिवासीच करतात असंही नाही. मालकाला वाटतं, नोटीस आली म्हणजे आता भाडेकरूंनी बघावं. पालिकेला वाटतं, नोटीस बजावली म्हणजे आपलं कर्तव्य झालं. सहकारी सोसायटी असेल तर ऑडिटचा विषय कमिटी पुढच्या सभेवर ढकलते, कारण मेंटेनन्स वाढवण्याचा ठराव मांडणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत कुणी मत देत नाही. सगळ्यांच्या फायली व्यवस्थित असतात.

फसवणूक वेगळी, आत्मवंचना वेगळी

इथे एक फरक करायलाच हवा, कारण सोशल मीडियावर तो पटकन पुसला जातो. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. पालिकेच्या बांधकाम परवानगीची बनावट कागदपत्रं तयार करून या प्रकल्पांनी महारेराची नोंदणी मिळवली होती. एका वास्तुविशारदाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या इमारती पाडण्याचे आदेश दिले. हजारो कुटुंबांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. लगेच कमेंट सुरू झाल्या: "स्वस्तात घर घेताना कळलं नाही का?"

खरेदीदाराने महारेराचा क्रमांक मागितला असता तर तो मिळाला असता. वेबसाइटवर तपासला असता तर दिसलाही असता. अनेकांना गृहकर्जही मिळालं होतं. सामान्य माणसाने तपासाव्यात त्या गोष्टी तपासूनही जो फसला, तो दुसऱ्याने फसवलेला माणूस आहे. त्याला आत्मवंचनेच्या खात्यात टाकणं सोयीचं असतं, कारण मग "मी असा फसलो नसतो" असं म्हणून आपल्याला निर्धास्त होता येतं. हीसुद्धा आत्मवंचनाच, फक्त कमेंट करणाऱ्याची.

सीमारेषा ओळखायची एक साधी खूण आहे. पुरावा हाताच्या अंतरावर होता का, आणि तो बघायचं आपण टाळलं का? कुलूप दुसऱ्याने लावलं असेल तर ती फसवणूक. किल्ली आपल्याच खिशात असेल, तर प्रश्न आपल्याला विचारायला हवा.

या दोन टोकांच्या मधला प्रदेशही मोठा आहे. "अनधिकृत असलं तरी पुढे सगळं नियमित होतं" हा या पट्ट्यातला जुना विश्वास. तो निराधार नाही. न्यायमूर्ती अग्यार समितीने कल्याण-डोंबिवलीत ६७ हजारांहून अधिक बेकायदा बांधकामं नोंदवली होती आणि त्यातली बहुसंख्य आजही उभी आहेत. पुढे राज्य सरकारने ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही अनधिकृत बांधकामं अटींवर नियमित करण्याची तरतूद कायद्यात आणली. म्हणजे आशेला इतिहासाचा आधार आहे. पण 'काही' आणि 'अटींवर' हे दोन शब्द घर विकणाऱ्याच्या बोलण्यातून गळतात आणि घेणाऱ्याच्या कानापर्यंत पोचत नाहीत.

शिकलेला माणूस सुटतो का?

डोंबिवलीला स्वतःच्या सुशिक्षितपणाचा अभिमान आहे, आणि तो असावाही. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा १९९९ मध्ये इथूनच सुरू झाली आणि महाराष्ट्रभर गेली. पण शिक्षणाने आत्मवंचना कमी होते, याला संशोधनाचा फारसा आधार मिळत नाही.

एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, की लोकांना इतरांचे पूर्वग्रह सहज दिसतात, पण आपण स्वतः त्यांपासून बऱ्यापैकी मुक्त आहोत असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. २०१२ मध्ये रिचर्ड वेस्ट, कीथ स्टॅनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की हुशार लोकांमध्येही हा आंधळा ठिपका लहान होत नाही. वकिली डोकं असलं की स्वतःची केसही चांगली लढवता येते, इतकंच.

दुसरा एक प्रयोग मला फार आवडतो. १९८४ मध्ये जॉर्ज क्वाट्रोन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी विद्यार्थ्यांना बर्फासारख्या थंड पाण्यात हात धरायला सांगितला. नंतर काहींना सांगितलं, की ज्यांचं हृदय चांगलं असतं त्यांना व्यायामानंतर हात जास्त वेळ धरता येतो. काहींना बरोबर उलट सांगितलं. थोडा व्यायाम करून घेऊन पुन्हा हात बुडवायला लावला. पहिल्या गटाने हात जास्त वेळ धरला, दुसऱ्याने लवकर काढला. "तुम्ही मुद्दाम केलंत का?" या प्रश्नावर बहुतेकांचं उत्तर 'नाही' असं होतं. आणि ज्यांनी 'नाही' म्हटलं, त्यांनाच आपलं हृदय चांगलं असल्याची जास्त खात्री होती. रिपोर्टच्या आधी दोन दिवस गोड बंद करून शुगर तपासणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मन असं का वागतं, याचं सर्वांत गाजलेलं उत्तर लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये दिलं. एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी मनात एकत्र राहिल्या की अस्वस्थता येते आणि मन त्यातली जी बदलायला सोपी असेल ती बदलतं. या सिद्धांताची एक मुळी भारतात आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या होत्या. हादरा जाणवलेल्या, पण नुकसान न झालेल्या भागात याहून भयंकर संकटं येणार अशा अफवा पसरत होत्या. घाबरलेल्या लोकांनी आणखी भीती का पसरवावी? फेस्टिंगर यांना उत्तर सुचलं ते असं: मनात भीती होती आणि आजूबाजूला तिला साजेसं कारण नव्हतं. मग लोकांनी भीतीला शोभेल असं कारण तयार केलं.

धोकादायक इमारतीत हाच हिशोब उलट चालतो. कारण समोर आहे, पण भीती बाळगून रोज राहता येत नाही. इमारत बदलणं अवघड आणि मत बदलणं सोपं. मग मत बदलतं.

आरसा दाखवून का भागत नाही?

"स्वतःला आरशात बघ" हा सल्ला आपण फार उदारपणे देतो. पण माणूस बघायचं टाळतो ते किंमत जास्त म्हणून. आपण आरसा घेऊन अंगावर गेलो की ती किंमत आणखी वाढते. आता चूक मान्य करायची, तर चारचौघांत मान खाली घालावी लागणार.

ज्यांचं कामच लोकांना स्वतःकडे बघायला मदत करण्याचं आहे, ते वेगळा रस्ता घेतात. ठाण्यात १९९० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' म्हणजे आयपीएच ही संस्था सुरू केली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठी घरांपर्यंत नेण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या या पद्धतीत एक कळीचा मुद्दा आहे: माणसाच्या वागण्याला गुण द्या, माणसाला देऊ नका. 'मी चुकलो' आणि 'मी नालायक आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं मान्य केलं की दुसरं आपोआप सिद्ध होतं असं ज्याला वाटतं, तो पहिलंही कधी मान्य करणार नाही. दोघांमधली गाठ सोडवली की पहिलं वाक्य उच्चारणं परवडू लागतं.

व्यसनमुक्तीत हे रोज दिसतं. "मी फक्त शनिवारी घेतो", "मनात आणलं तर उद्या सोडेन" ही वाक्यं पुण्यातल्या मुक्तांगणपासून ठाणे-डोंबिवलीतल्या समुपदेशकांपर्यंत सगळ्यांच्या ओळखीची आहेत. या अवस्थेला 'नकार' म्हणतात. घरच्यांच्या शिव्यांनी तो मोडत नाही, घट्ट होतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीत समोर बसलेला माणूस आधी स्वतःची गोष्ट सांगतो. ते ऐकताना नव्याने आलेल्याला दिसतं, की हे कबूल करूनही माणूस माणसात राहतो, नोकरीला जातो, चहा पितो.

क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेला विचारही याच दिशेचा आहे. माणसाला स्वतःबद्दलच्या एखाद्या महत्त्वाच्या चांगल्या गोष्टीची आधी आठवण झाली, तर पुढची बोचरी माहिती तो कमी बचावाने ऐकतो. वडिलांना "तुम्ही शुगरकडे लक्षच देत नाही" म्हणण्याआधी त्यांनी चाळीस वर्षं लोकलने जाऊन घर उभं केलं, हे म्हणून बघायला हरकत नाही. अर्थात मनापासून म्हणायचं, नाहीतर वडिलांना लगेच कळतं.

पुन्हा त्या इमारतीकडे

मग बारा भाडेकरूंच्या त्या इमारतीत माहीत होण्याची किंमत कशी कमी होते? मनाच्या बाजूने नव्हे, कागदाच्या बाजूने. शासनाच्या वर्गीकरणात सगळ्या धोकादायक इमारती एका पारड्यात नाहीत. 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडायची. 'सी-२ए' म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. 'सी-२बी'मध्ये घर रिकामं न करता दुरुस्ती होऊ शकते आणि 'सी-३'मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते. "ऑडिट केलं की बाहेर काढतात" ही भीती पहिल्या दोन वर्गांना लागू होते, चारही वर्गांना नाही. कित्येक रहिवाशांना हे माहीतच नसतं.

दुसरा कागद त्याहून महत्त्वाचा. सी-१ इमारत रिकामी करताना प्रत्येक रहिवाशाच्या जागेचं क्षेत्रफळ मोजून तसा दाखला पालिकेकडून घ्यायचा असतो. इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, पण हातात दाखला नसेल तर तो हक्क सिद्ध करता करता वर्षं जातात. पंचनाम्याच्या दिवशी घरात हजर राहणं, मोजमाप लिहून घेणं, भाडेपावती, वीजबिल आणि रेशनकार्डाच्या प्रती जोडणं, ही कामं कुलूप लावण्याच्या आधीची आहेत. सभेत "बिल्डिंग पडेल" असं बारा वेळा सांगणाऱ्यापेक्षा हा दाखला कुठे आणि कसा मिळतो हे सांगणाऱ्याचं लोक जास्त ऐकतात. तो बोलायला लागल्यावर मागे बसलेलं कुणीतरी हळूच म्हणतं, की आमच्याही स्वयंपाकघरात वरून खडे पडतात, गेल्या दिवाळीपासून.